तीन चाकं आणि अकरा अर्ज

पीयूसीवाल्यानं माझ्या गाडीच्या सायलेन्सरात नळी घातली, यंत्राकडं बघितलं, नळी काढून फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "मॅडम, धूर तर एकदम साफ हाय. पर सर्टिफिकेट देता येत न्हाई."

"का?"

"गाडीला नंबर कुठाय?"

नंबर नव्हताच. नंबर मिळावा म्हणून तर मी पीयूसी काढायला आले होते. नंबर देणाऱ्या कचेरीतल्या बाबूनं सांगितलं होतं, आधी धुराचं सर्टिफिकेट आणा, मग नंबराचं बोलू. हे सगळं मी त्या माणसाला सांगितलं. त्याला काही नवल वाटलं नाही. त्याच्या पुस्तकात छापील रकाने होते, दुचाकी, रिक्षा, चारचाकी. त्यावरून त्यानं बोट फिरवलं, माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आन् ही ह्यातली कंची म्हनायची, ते बी सायबालाच विचारा."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला तळपाय एकच आहे, पण आग दोन्हींची होती.

मी लातुरातही शिकवलं आहे आणि नांदेडातही. ही हकिगत त्यातल्या कुठल्या गावची ते मी मुद्दाम सांगत नाही. त्या कचेरीतली काही माणसं अजून नोकरीत असतील, काही पेन्शनीत. आणि खरं सांगू का, गाव बदललं असतं तरी काही फरक पडला असता असं मला वाटत नाही.

भूकंप झाला तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गणपती बोळवायला म्हणून गावी गेले होते, औसा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात. आई गेली. माझा उजवा पाय मांडीतून काढावा लागला आणि डाव्या पायाचा घोटा असा चुरडला की तो नंतर कधी वळलाच नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक. शाळेच्या कामासाठी ते तालुक्याला मुक्कामी होते, म्हणून राहिले. याच्यावर मी फार लिहिणार नाही. भूकंपावर रडून घेणारे तेव्हा उदंड होते. दवाखान्यात माझ्या खाटेशी उभं राहून फोटो काढून घेणारे होते. एका गृहस्थानं तर चादर जरा बाजूला करा म्हणून सांगितलं, पाय दिसला पाहिजे म्हणे. नसलेला पाय! पाचेक वर्षांनी मला सरकारचा एक कागद हवा होता, तेव्हा ह्यांतलं एक माणूस कुठं दिसायला तयार नव्हतं.

तोवर मी एम.एस्सी. झाले होते, दोन कुबड्यांवर. कृत्रिम पाय बसवून बघितला. मांडी सोलवटून निघायची आणि डावा घोटा आखडलेला, त्यामुळं तोल राहायचा नाही. शेवटी तो पाय कपाटावर ठेवून दिला. आणि मी एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला लागले.

त्या वर्षांत आमच्याकडं क्लासचं नुसतं वेड शिरलं होतं. किनवटच्या आश्रमशाळेतून पोरं यायची, धर्माबादच्या आडत्यांची यायची, मुरुडची यायची. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, सोबत बाप. ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं होतं. ज्याच्या घराला जास्तीची खोली त्यानं पोरं ठेवली, ज्याला खोली नव्हती त्यानं गच्चीवर पत्रे टाकले. आमचा क्लासही आधी सरकीचं गोदाम होता. भिंतीला पाठ लावली की साडीला चुना लागायचा. पण पोरं शंभर-शंभर बसायची आणि फळ्यावर लिहिलेलं एक अक्षर सुटू द्यायची नाहीत. मला तिथं उभं राहायला फार आवडायचं. फळ्याच्या खाली मी एक लाकडी दांडी ठोकून घेतली होती, तिला टेकून दोन-दोन तास बोलायची. तेवढा वेळ मला कुणी बिचारी म्हणायचं नाही.

क्लासच्या मालकांना सगळे सर म्हणत. सरांनी उन्हाळ्याच्या तोंडाला मला बोलावलं आणि म्हणाले, जूनपासून रिपीटरची सहाची बॅच तुमच्याकडं. कायमची. पहाटे पोरांचं डोकं ताजं असतं, म्हणून सगळ्या क्लासांची मोठी बॅच तीच. "पण मॅडम, सहा म्हणजे सहा. सव्वासहा चालणार नाही."

सहाला पोचायचं कसं? तोवर अण्णा मला मोपेडवरून सोडायचे. पण त्यांना चक्कर यायला लागली होती. फेब्रुवारीत एकदा गतिरोधकावर आम्ही दोघंही आडवे झालो, कुबड्या एकीकडं, अण्णा एकीकडं. डॉक्टरनं गाडी बंद करायला लावली. रिक्षा? पहाटे सगळे रिक्षावाले एसटी स्टँडवर पॅसेंजरच्या मागं. मला आत चढायला लागायची पाच मिनिटं, तेवढ्यात त्यांचा जीव वर-खाली. एक-दोन जण तर मला बघून नुसती मान फिरवून पुढं जायचे.

तेव्हा अण्णांनी एक मिस्त्री शोधून काढला. मळणीयंत्रं दुरुस्त करणारा, हाताचा पक्का. त्यानं मला स्टुलावर बसवलं, शिंप्यासारखं माप घेतलं, हात कुठवर पोचतो, बसायला उंची किती लागते, कुबड्या कुठं ठेवायच्या. भिंतीवर खडूनं रेघा मारल्या. "गुरुजी, तुमी फिकर करू नका," अण्णांना म्हणाला, "बेटीला पायाची गरजच पडनार न्हाई, आसं करतो." आणि केलंही. जुन्या फोर स्ट्रोक मोटरसायकलचं इंजिन, कागदपत्रांसकट घेतलेलं. फ्रेम त्यानं स्वतः वेल्डिंग केलेली. पुढं एक चाक, मागं दोन. गिअर हातानं, ब्रेक हातानं, किकसुद्धा एक दांडी ओढून हातानं. सीट माझ्या खुर्चीएवढी खाली. दीड महिन्यात गाडी उभी राहिली.

पहिल्या दिवशी मी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात एकटी गेले आणि एक पेन घेतलं. दुकानदार माझ्या मागं बघत राहिला. "सोबत कोन हाय?" म्हणाला. मी म्हणाले, "कोणी नाही." भूकंपानंतर हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. घरी येऊन मी रडले, ते आधी सांगून टाकते, कारण यापुढं फक्त चिडणंच आहे.

बिननंबराची गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे अण्णांनी ठरवून टाकलं. ते जन्मभर सरकारी नोकर. त्यांचा एक ठाम समज होता की सरकार वाईट नसतं, अर्ज वाईट असतो. समास सोडून, विषय अधोरेखित करून, मुद्देसूद अर्ज लिहिला की काम होतं. पहिला अर्ज त्यांनी दोन दिवस लिहिला. 'महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय विनंती की, माझी कन्या भूकंपात अपंगत्व आलेली असून...' खाली कार्बन ठेवून एक प्रत फायलीला. गाडी टेम्पोत चढवून आम्ही कचेरीत गेलो.

बाबूनं अर्ज हातात घेतला. "गुरुजी, अक्षर लई देखनं हाय तुमचं."

आणि अण्णा खूश! मला तिथंच कुबडी आपटावीशी वाटली.

मग बाबूनं फॉर्म काढला. कंपनी कुठली? कंपनी नाही, मिस्त्री आहे. मॉडेल कुठलं? मॉडेल नाही, एकच गाडी आहे. विक्रेता? नाही. धुराचं प्रमाणपत्र? ते आणा म्हणाला, म्हणून आम्ही पीयूसीकडं गेलो, आणि तिथं काय झालं ते वर सांगितलंच आहे. परत आलो. बाबू जेवायला गेलेला. आला तेव्हा म्हणाला, गाडी कंपनीत बनली पाहिजे. मी म्हणाले, कंपनी मला माझ्या मापाची गाडी बनवून देत नाही. तर म्हणतो, "मग कंपनीच्या मापानं घ्या की मॅडम."

काय बोलावं ह्या माणसाला?

मोटार वाहन कायद्याचं पुस्तक मी विकत आणलं. पोरांच्या नोट्स काढायच्या सोडून ते वाचलं. अपंगांच्या गाडीचा त्यात चक्क वेगळा उल्लेख आहे. पेन्सिलनं खूण करून बाबूपुढं ठेवला. त्यानं वाचला, मान डोलावली. "उल्लेख हाय, बरोबर हाय. पर रकाना न्हाई." अण्णांनी घरी येऊन पाचवा अर्ज लिहिला, त्यात कलमाचा आकडा लाल शाईनं घातला.

सहाव्या-सातव्या खेपेला बाबूला आमची दया आली असावी. म्हणाला, फ्रेमला नंबरच नाही, चॅसीस नंबर नसल्यावर पुढं काहीच होणार नाही. त्यानं चिठ्ठीवर एक नंबर लिहून दिला आणि सांगितलं, हा फ्रेमवर कायमचा उमटवून आणा, मग बघू. मिस्त्री नेमका त्या आठवड्यात बहिणीकडं लग्नाला गेलेला. मी क्लासवर. अण्णांनी म्हटलं, थांबायचं कशाला? गाडी टेम्पोत घातली आणि धातूवर लिहिणारा जो माणूस त्यांना माहीत होता त्याच्याकडं नेली. भांड्याच्या बाजारात.

आमच्याकडं भांडं विकत घेतलं आणि त्यावर नाव नाही, असं होत नाही. दुकानाच्या दारातच विजेची सुई घेऊन एक माणूस बसलेला असतो. कुणाचं नाव, कुणाकडून, कशानिमित्त, सगळं टिपक्याटिपक्यांनी कोरून देतो. त्या माणसानं लांब वायर लावली, टेम्पोशेजारी मांडी घातली, फ्रेमवर नंबर कोरला, अगदी सुरेख. मग मान वर करून त्यानं जन्मभर जे विचारलं तेच विचारलं, "कुनाकडून?" आणि अण्णांनी जन्मभर जे सांगितलं तेच सांगितलं.

संध्याकाळी मी घरी आले तर गाडी अंगणात आणि अण्णा शेजारी उभे, चेहरा फुललेला. चॅसीस नंबर. त्याच्यापुढं माझं नाव. त्याच्याखाली, 'हिस अण्णांकडून सप्रेम भेट.'

"अण्णा, हे काय करून बसलात?"

"काय झालं? आता कुणी म्हणणार नाही की गाडी तुझी नव्हं म्हणून."

मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग भूकंप आठवला. गावात ढिगारे उपसत होते तेव्हा कुणाचं घर कुठं होतं हेच कळत नव्हतं. सगळी माती एकसारखी. जवान खणायचे आणि भांडं निघालं की त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचे. आमचा तांब्याचा हंडा निघाला. त्यावर आईचं नाव होतं आणि 'मामाकडून' असं होतं. तिथं उकरलं म्हणून आई सापडली. ज्या माणसानं हे बघितलं, त्याला धातूवरच्या नावापेक्षा पक्का पुरावा कुठला वाटणार? मी त्या संध्याकाळी त्यांना एक शब्द बोलले नाही.

पण कचेरीतले बोलले ना! बाबूनं ते मोठ्यानं वाचलं. दोन टेबलांपलीकडचे लोक उठून बघायला आले. "सप्रेम भेट! सायेब, गाडी सप्रेम भेट हाय!" हसता हसता एकाच्या तोंडातला चहा सांडला. अण्णा मधोमध उभे, हातात फाईल. आतून साहेब आले. पांढरा सफारी, शांत माणूस. शांत माणसांचा मला जास्त राग येतो. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "चॅसीस नंबराशेजारी इतर मजकूर म्हणजे नंबराशी छेडछाड धरली जाते."

अण्णा घाबरले. "घासून काढतो, साहेब. आजच काढतो."

"घासलं तर ती आणखी मोठी छेडछाड."

ठेवलं तरी गुन्हा, काढलं तरी गुन्हा. वर साहेबांनी अर्जावर शेरा मारला, सदर वाहन कोणत्याही मान्यताप्राप्त नमुन्यात बसत नसल्याने त्याची धूर उत्सर्जन चाचणी पुण्याहून करून आणावी. माझी एक गाडी, तिच्यासाठी कंपन्या करतात तसली चाचणी! नेण्या-आणण्यात आणि चाचणीत गाडीच्या किमतीपेक्षा जास्त गेले असते. मी विचारलं, "साहेब, इथल्या यंत्रात धूर साफ आला, तो पुण्याला जाऊन काळा होणार आहे का?" साहेब म्हणाले, "मॅडम, प्रश्न धुराचा नाही. प्रक्रियेचा आहे."

धुराच्या नियमांशी माझं काही भांडण नव्हतं, उलट मला ते हवेच होते. कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या रक्तात शिरून काय करतो हे मी वर्षातून चार बॅचना शिकवत होते. सगळ्यांच्या गाड्या तपासा, माझी आधी तपासा. पण धूर तपासायचा असेल तर धूर तपासा! कचेरीच्या फाटकासमोरून काळ्या-पिवळ्या जीपा वीस-वीस माणसं कोंबून, टपावर आणखी पाच बसवून, मागं काळा लोट सोडत जात होत्या, आणि त्यांच्या काचेवर सर्टिफिकेट चिकटवलेलं होतं. कारण त्यांना रकाना होता.

अण्णांनी नववा अर्ज लिहिला, माफीचा. 'माझ्या हातून अनवधानाने फ्रेमवर जादा मजकूर कोरला गेला...' मी म्हणाले, "माफी कसली मागताय? त्यांनी मागायची तुमची!" अण्णांनी चष्मा काढून पुसला. "माय, अर्जात राग चालत न्हाई," एवढंच म्हणाले. दहावा अर्ज स्मरणपत्र होता.

मे संपत आला तरी उत्तर नाही. शेवटी एक दिवस टेम्पोवाला आला नाही आणि माझं डोकं फिरलं. मी सरळ गाडीवर बसले आणि चालवत कचेरीत गेले. अण्णा मागून रिक्षानं. आवारात साहेबांची सरकारी जीप उभी होती, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून विडी ओढत होता. माझ्या पिशवीत प्रयोगशाळेतले फिल्टर पेपर होते, पोरांना दाखवायला घेतलेले, पांढरेशुभ्र. मी एक माझ्या सायलेन्सरापुढं धरला आणि बाबूला हाक मारून मिनिटभर मोजायला सांगितलं. कागदावर फिकट पिवळसर डाग. मग कुबड्या टेकत जीपपाशी गेले, दुसरा तिच्या सायलेन्सरापुढं धरला. ड्रायव्हरला म्हटलं, ॲक्सिलरेटर दाब जरा. त्या बिचाऱ्याला काय माहीत, त्यानं दाबला. कागद काजळीनं काळाकुट्ट झाला, माझा हातही झाला.

आवारात पन्नासेक माणसं असतील. परवान्याला आलेले ड्रायव्हर, एजंट, चहावाला. मी दोन्ही कागद वर धरले आणि क्लासात बोलते त्या आवाजात विचारलं, "सांगा, ह्यातली कुठली गाडी पुण्याला पाठवायची?"

काय हशा पिकला! कुणीतरी शिट्टी मारली. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

साहेब पायऱ्यांवर आले. बघितलं. आवाज न चढवता बाबूला म्हणाले, "ही गाडी नोंदणीविना सार्वजनिक रस्त्यावरून चालवत आणली आहे. जप्त करा." पंचनामा झाला. माझ्या गाडीच्या चाकांना साखळी घातली आणि ती भिंतीशेजारी, अपघातातल्या मोडक्या ट्रकांच्या रांगेत नेऊन लावली. अण्णांनी हात जोडले. साहेबांपुढं नाही, बाबूपुढं! मी ओरडले, "अण्णा, हात खाली घ्या!" सगळं आवार आमच्याकडं बघत होतं. माझ्या तोंडाची किंमत मी भरत होते, पण अण्णांनी का भरायची?

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरावा अर्ज लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. तो मी वाचलासुद्धा नाही.

जून लागला. सहाची बॅच सुरू झाली. पहिल्या दिवशी मी सहा वीसला पोचले, दुसऱ्या दिवशी सव्वासहाला, तिसऱ्या दिवशी रिक्षा मिळालीच नाही. पोरं काही बोलायची नाहीत, दांडी पुसून ठेवायची. पण त्यांचे बाप बोलायचे. आठवड्यानं सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या शिकवण्याबद्दल प्रश्नच नाही. पण पालक विचारतात. पुढच्या सोमवारी दुसरे सर येतायत. तुम्ही अकरावीचं दुपारचं काहीतरी बघा. म्हणजे, असेल तर." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्याच शनिवारी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. समोर पांढरा सफारी. शेजारी त्यांचा उंच, कोवळा पोरगा, खाली मान घातलेला. मेडिकल थोडक्यात हुकलेलं, रिपीट करायचं होतं, आणि बॅच भरलेली. सर म्हणत होते, "केमिस्ट्री मॅडमच शिकवतात, पोरं त्यांच्यासाठीच येतात..." आणि मी दारातून कुबड्या टेकत आत आले.

साहेबांनी मला ओळखलं. शेजारच्या पोराकडं एकदा बघितलं. मग ते हसले. कचेरीत मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं. "मॅडम, तुमचं ते प्रकरण अजून पडून आहे का? अरे! मला कुणी सांगितलंच नाही." सर हुशार माणूस. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा साहेबांकडं. म्हणाले, "मॅडमना येण्याजाण्याची सोय झाली तर बॅच त्यांच्याकडंच राहील. आणि एक बाक आपण वाढवू शकतो." साहेब म्हणाले, "होऊन जाईल."

होऊन जाईल! दोन महिने जे कायद्यात बसत नव्हतं, ते एका बाकात बसलं. माझ्यासमोर दोन पुरुषांनी माझा पाय आणि एक ॲडमिशन यांची अदलाबदल केली. आणि मी, जिनं पन्नास माणसांसमोर कागद फडकावला होता, ती काय बोलले? काही नाही. पोराला म्हणाले, "सोमवारी सहाला ये. सहा म्हणजे सहा." मला ती बॅच हवी होती. मला गाडी हवी होती. बोलले असते तर दोन्ही गेलं असतं, हे मला कळत होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो साहेबांवर जेवढा आहे तेवढाच माझ्यावर आहे.

चौथ्या दिवशी गाडी घरी आली, कचेरीचेच दोन शिपाई घेऊन आले. पीयूसीवाल्याला आवारात बोलावून घेतलं होतं म्हणे. तेच यंत्र, तोच धूर, तोच साफ. पुण्याचं नाव कुणी काढलं नाही. फ्रेमवरचं 'सप्रेम भेट' तसंच होतं, आता ते कुणाला दिसतही नव्हतं. नोंदणीच्या पुस्तकात प्रकार लिहिला होता, अपंगाचे वाहन. म्हणजे रकाना होता. पहिल्यापासून होता!

क्लासच्या ऑफिसात काय झालं ते मी अण्णांना सांगितलं नव्हतं. ते अंगणात पुस्तक घेऊन बसले. प्रत्येक पान वाचलं, शिक्का उजेडात धरून बघितला. मग आतून फाईल आणली. अकराच्या अकरा अर्जांच्या प्रती काढल्या आणि खाटेवर ओळीनं मांडल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एकेकावर खडा ठेवला. किती तरी वेळ त्यांच्यावरून नजर फिरवत होते.

"ह्यातला कुठला लागू पडला गं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. सगळं सांगणार होते, सफारी, बाक, होऊन जाईल, सगळं. आणि त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "शेवटचा."

अण्णांनी अकरावा अर्ज उचलला. खिशातलं लाल पेन काढलं आणि त्यावर बरोबरची खूण केली, पोरांच्या पेपरावर करायचे तशी. मग तो पुन्हा एकदा वाचला आणि बाकीचे दहा गोळा करायला लागले.

"हाच आधी लिहायला पायजे होता," ते म्हणाले. "तुझे दोन महिने वाया गेले. चुकलंच माझं."